आजारी ठेवलेलं रान

माझ्या लाडक्या दोघांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरलीने माझ्या पाठीमागची कुंडी पाहिली आणि विचारलं, "आजी, तू झाडांची डॉक्टर होतीस ना? मग तुझीच झाडं अशी मेलेली का?" धाकटा म्हणाला, "पाणी घालायला विसरली असेल." तुम्ही हसलात, मीही हसले आणि फोन ठेवल्यावर मला राग आला. तुमच्यावर नाही. हाच प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला आणि मी एकदाही त्याचं धड उत्तर दिलं नाही, म्हणून.

आता उत्तराची घाई आहे. दिवाळीनंतर तुमची आई येणार आणि मला लातूरच्या या घरातून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हलवणार. तिने यादी पाठवली आहे. याद्या करायची सवय तिने माझ्याकडूनच घेतली, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. त्या यादीत 'टाकून द्यायचं' या मथळ्याखाली लिहिलं आहे: मागच्या अंगणातल्या वाळक्या कुंड्या, मातीचा पत्र्याचा डबा, फाटकी मच्छरदाणी. या तीन वस्तू टाकायच्या नाहीत. का नाही, तेच इथे लिहिते आहे.

आणि मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, तुम्हाला वाचणंही. माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, प्रबंध इंग्रजी. कित्येक वर्षं मी किराणा मालाची चिठ्ठीसुद्धा इंग्रजीत लिहीत असे. पण इंग्रजीत लिहिल्यामुळेच एकदा माझं मोठं नुकसान झालं. ते पुढे येईलच. आईकडून वाचून घ्या. तिनेही हे कधी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोह्यापासून फार लांब नाही, अशा एका कृषी संशोधन केंद्रात मी नोकरी केली. त्याचं नाव इथे लिहीत नाही; तिथली माणसं वाईट नव्हती. माझं काम तुरीच्या रोगांचं. तूर म्हणजे तुमच्या वरणाची डाळ. शेतात ती पुरुषभर उंच वाढते, पिवळी फुलं येतात, शेंगा धरतात आणि नेमक्या त्याच वेळी एखादं झाड मान टाकतं. आठवड्यात उभ्या उभ्या वाळून जातं. त्याला मर म्हणतात. बुडाजवळची साल नखाने सोलली की आत काळपट पट्टा दिसतो. मातीतली एक बुरशी मुळांतून आत शिरते आणि पाण्याची वाट बंद करते. फवारणीने हा रोग जात नाही, कारण बुरशी जमिनीत असते आणि पीक काढल्यावर जमिनीत उरलेल्या धसकटांतही तग धरून राहते. खरा उपाय एकच: त्या बुरशीला दाद न देणारी तूर शोधायची.

ती शोधायची कशी? इथेच लोक गोंधळतात. चांगल्या जमिनीत सगळ्याच तुरी जगतात, त्यातून काही कळत नाही. त्यासाठी एक रान मुद्दाम आजारी करावं लागतं. नुसतं आजारी नाही, सगळीकडे सारखं आजारी. एका कोपऱ्यात बुरशी दाट आणि दुसऱ्यात विरळ असेल, तर जगलेलं झाड दमदार आहे की नुसतं नशिबाने वाचलं, हे सांगता येत नाही.

असं रान तयार करायला मला पाच हंगाम लागले. माझ्यासोबत होती केंद्रात रोजंदारीवर काम करणारी एक बाई. वयाने माझ्याएवढीच, पण सगळे तिला मावशी म्हणत म्हणून मीही म्हणत असे. तिचं माहेर अहमदपूरकडचं, सासर लोह्याजवळचं. शाळेत ती गेली नव्हती. आम्ही दोघी एसटीने उमरीला, मुखेडला, लोह्याच्या आसपासच्या खेड्यांत जायचो आणि शेतकऱ्यांकडून मेलेल्या तुरी मागून आणायचो. लोक चांगलं बियाणं मागायला येतात; आम्ही मढी मागायचो. मुखेडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बांधावरून विचारलं होतं, "बाई, जळतनाला पायजेत का?"

मावशी म्हणाली, "न्हाई बाबा, आमच्या रानात रोग पेरायचा हाय."

म्हातारा माझ्याकडे बघून तिला म्हणाला, "ह्या बाईला घरी कुनी बोलत न्हाई का?"

पोती एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर टोमणे मारायचे. एकजण तर आम्हाला पाहिलं की ड्रायव्हरला ओरडून सांगायचा, "थांब रं, मसनवट्याच्या बाया आल्या!"

केंद्रावर आणून त्या तुरी आम्ही विळ्याने बारीक तोडायचो आणि वाफ्यावाफ्यात सारख्या मापाने मातीत मिसळायचो. शेजारच्या रानात रोगट झाड दिसलं की बाकीचे उपटून जाळत. आम्ही जपून आणत असू. पुढच्या वर्षी त्यात रोगाला सहज बळी पडणारी तूर पेरायची, ती मेली की पुन्हा तोडून तिथेच गाडायची. पाचव्या वर्षी डिसेंबरात ते अर्ध्या एकराचं रान या बांधापासून त्या बांधापर्यंत सारखं वाळलं. मी रांगा मोजत फिरले, एकही हिरवं झाड सापडलं नाही. मला इतका आनंद झाला की मावशीचा हात धरला. ती म्हणाली, "म्याडम, हसू नका लई. कुनी बगितलं तर दवाखान्यात नेतीन."

तुम्हाला वेळ अमावस्या माहीत नाही. आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोपी करतात, आत पाच दगड मांडून पूजा करतात, रानभर ताक-ज्वारीची अंबील शिंपडतात आणि शेतातच जेवतात. मावशी दरवर्षी आपल्या घरची पूजा उरकून तांब्यात थोडी अंबील घेऊन आमच्या त्या मेलेल्या रानात यायची. "हे बी रानच हाय की," म्हणायची. आणि मोठ्याने मागणं मागायची, "लक्ष्मीआई, म्याडमच्या रानात रोग बराबर पडू दे. कुटं कमी न्हाई, कुटं जास्त न्हाई." मी तेव्हा घड्याळाकडे बघत उभी राहायचे. नोंदी राहिलेल्या असायच्या. आज वाटतं, प्रयोगाची मांडणी इतक्या मोजक्या शब्दांत मला एकाही अहवालात सांगता आली नाही.

त्या रानात आम्ही दरवर्षी शेकडो प्रकारच्या तुरी पेरल्या. दर दोन ओळींनंतर एक ओळ हमखास मरणारी, म्हणजे रोग जागेवर आहे याची खात्री. वर्षामागून वर्षं सगळ्याच ओळी मरत गेल्या. वरिष्ठ विचारत, "यंदा काय?" मी म्हणे, "यंदाही काही नाही." मग एका वर्षी एकशे बारा क्रमांकाची ओळ उभी राहिली. दोन्ही बाजूंना वाळलेली काडं आणि मधे ही हिरवीगार, शेंगांनी वाकलेली. दाणा लहान, रंग मळकट लाल. दिसायला काही खास नव्हती. दुसऱ्या वर्षीही उभी. तिसऱ्या वर्षीही. वाण म्हणून प्रस्ताव पाठवायला त्याच रानातल्या आणखी दोन हंगामांच्या सलग नोंदी हव्या होत्या. माझ्या निवृत्तीला चार वर्षं होती. हिशोब बसत होता.

त्या उन्हाळ्यात, थोरले, तुझा जन्म झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुझी आई लातूरला आली होती आणि मी महिनाभर रजेवर होते. इतकी लांब रजा मी नोकरीत पहिल्यांदाच घेतली होती. रान उन्हाळ्यात रिकामंच असतं. धसकटं मातीत गाडलेली, वर काही काम नाही. मी निर्धास्त गेले. मुलगी झाली की बर्फी वाटतात. मी हट्टाने पेढे घेतले आणि खोका हातात धरूनच केंद्रावर परतले.

फाटकातून आत शिरले आणि रान ओळखू येईना. माझ्या भुरकट, कडक झालेल्या मातीच्या जागी काळीशार, लोण्यासारखी माती पसरली होती. समतल, स्वच्छ. एक धसकट दिसत नव्हतं. माझी पाटी बांधाला टेकवून ठेवली होती.

प्रक्षेत्राचे, म्हणजे केंद्राच्या शेतजमिनीचे, नवे अधिकारी मी रजेवर असतानाच रुजू झाले होते. शेतीतलेच पदवीधर, पण सगळी नोकरी बियाणे साठवणुकीत गेलेली. उत्साही, पहाटे सहाला बांधावर असणारा माणूस. जवळच्या तलावातला गाळ काढण्याचं काम चाललं होतं आणि ट्रॅक्टरने तो गाळ केंद्राच्या रानांत टाकायचं ठरलं होतं. ते धावत आले, माझ्या हातातला पेढा घेतला, अभिनंदन केलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे. सगळ्यात आजारी रान कुठलं म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी तुमचंच दाखवलं. म्हटलं, पहिला मान त्याला. धसकटं वेचून जाळली, खोल नांगरलं, वर वीतभर गाळ. बघा, सोनं करून टाकलं."

तुमच्या आजोबांनी नंतर विचारलं, "तू त्याला काहीच बोलली नाहीस?" काय बोलणार? माणसाच्या तोंडात माझ्या नातीचा पेढा होता.

मावशी गोदामामागे बसली होती. मला बघून उठली नाही.

"म्याडम, म्या लई सांगितलं वो," ती म्हणाली. "साहेबाला म्हनलं, साहेब, हे रान बरं करायचं न्हाई, हे आजारीच ठिवायचं हाय. तर त्ये हसून राहिले. म्हनले, मावशी, ऊन लागलं का, सावलीला बसा."

"मला फोन नाही केलास?"

"केला की. तुमच्या घरी कुनी उचलंना. समदे दवाखान्यात होतात."

ट्रॅक्टरवाला तिथेच विडी विझवत उभा होता. मावशीने त्याच्याकडे बोट केलं. "आन ह्याला ईचारा. म्या आडवी उभी राहिले ह्याच्या."

"मावशे, तू उभी राहिलीस, पन साहेबाचा हुकूम होता," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "म्याडम, पाटी बगितली म्या. पन इंग्रजीत व्हती. मला वाटलं, तुमचं नाव आसंल. म्हनून काडून जपून ठिवली."

ती पाटी मी स्वतः रंगवून घेतली होती. रोगासाठी राखलेलं क्षेत्र, परवानगीशिवाय मशागत करू नये, असं स्वच्छ, व्याकरणशुद्ध इंग्रजीत. इतक्या वर्षांत पाहुणे शास्त्रज्ञ सोडले तर त्या पाटीसमोर उभा राहिलेला प्रत्येक माणूस मराठी वाचणारा होता, किंवा काहीच न वाचणारा. ती मराठीत लिहावी, हे मला कधी सुचलं नाही. अधिकाऱ्यांना तर इंग्रजी येत होतं; त्यांनी वाचली का, असं मी विचारलं. म्हणाले, "वाचली ना. म्हणूनच तर कळलं की रान रोगट आहे." परवानगीचं वाक्य खाली बारीक अक्षरांत होतं, त्यावर चिखल उडालेला होता. माझा अर्धा राग त्यांच्यावर आहे, अर्धा त्या पाटीवर. पाटीवरचा अजून गेलेला नाही.

मी वर तक्रार केली. चार पानी, मुद्द्यांसह. उत्तर यायला पावसाळा उजाडला. चौकशीला आलेल्या गृहस्थांनी रान पाहिलं, काळी माती मुठीत घेऊन कुस्करली आणि खरोखर अडचणीत पडून विचारलं, "मॅडम, नुकसान म्हणजे नेमकं काय लिहू? जमीन सुधारली आहे."

"तेच लिहा," मी म्हणाले. "जमीन सुधारली, हे नुकसान."

त्यांनी ते लिहिलं नाही. 'मशागतीबाबत विभागांत समन्वय असावा' असं लिहिलं.

त्या खरिपात मी तिथेच तूर पेरली. बुरशी पूर्ण गेली नव्हती, पण पातळ झाली होती, ठिपक्याठिपक्यांनी. हमखास मरणाऱ्या ओळीत निम्मी झाडं जगली. एकशे बारा उभी होती, पण आता तिच्या उभं राहण्याला काही अर्थ नव्हता. तिच्याशेजारी दुबळ्यातल्या दुबळ्या तुरीही उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा निरोगी पीक बघून मला रडू आलं. येणारे-जाणारे थांबून म्हणत, "वा मॅडम, यंदा जमलं!"

रान पुन्हा आजारी करायला पाच वर्षं, आणि माझ्याकडे आता चारही उरली नव्हती. मी तरी सुरुवात केली. पुन्हा पोती, पुन्हा एसटी. कंडक्टर बदलले होते. नव्यांना टोमणे मारण्याइतकाही रस नव्हता. प्रस्ताव पाठवला, तो परत आला: नोंदी सलग नाहीत. त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही परत पाठवला असता. याचाच जास्त त्रास होतो. भांडायला समोर कोणी नाही.

मी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेल्या तरुणाला सोयाबीनच्या रोगांचं काम होतं, कारण आता चहूकडे सोयाबीनच. त्याने त्या रानात सोयाबीन पेरलं. त्याच्या जागी तेच शहाणपणाचं होतं. काही महिन्यांनी जुनं बियाणं नष्ट करायची यादी निघाली, त्यात एकशे बारा होती. त्याने मला फोन केला आणि तिच्या बियाण्याची उरलेली एक बाटली रीतसर सहीने मला दिली. त्याचे मी उपकार मानते.

आणि मावशी. माझ्या निरोपाच्या दिवशी ती गोदामामागून एक पोतं ओढत घेऊन आली. "ट्रॅक्टर आला तवा कोपऱ्यातली माती खुरप्यानं भरली व्हती," म्हणाली. "दोन पोती भरली. एक तवाच तुमाला दिलं, ते तुमी कुंड्यांला वापरलं. हे दुसरं. चार वर्सं बोलले न्हाई, कुनी ह्ये बी सुधारलं तर?"

दोघांनो, थोरलीने पाहिलेली कुंडी त्या मातीची आहे. त्यातली झाडं मरायलाच हवीत. दरवर्षी मी त्या कुंड्यांत हमखास मरणारी तूर लावते, ती मेली की कात्रीने बारीक करून तिथेच मिसळते, म्हणजे बुरशी उपाशी राहत नाही. एका कुंडीत एकशे बारा लावते. ती उभी राहते. राहिलेली माती डब्यात आहे.

मच्छरदाणी कशाला, तर तुरीच्या फुलांवर मधमाश्या बसतात आणि शेजारपाजारच्या तुरीचा पराग आणून टाकतात. दोन-चार वर्षांत बी भेसळ होतं. म्हणून फुलोऱ्याच्या आधी मी कुंडीवर मच्छरदाणी बांधते. शेजारची सून पहिल्या वर्षी म्हणाली होती, "आजी, तुरीला पण डास चावतात का?" मी तिला समजावून सांगितलं. मराठीत, सगळं, शेवटपर्यंत. आता कधी मी गावाला गेले तर ती मच्छरदाणीची गाठ सुटली नाही ना हे बघून येते.

मावशीनेही त्या बाटलीतलं मूठभर बी नेलं होतं. तिच्या शेतातली तूर चांगली येते, गावात चार घरांनी ती घेतली आहे. पण तिथे मच्छरदाणी नाही, मधमाश्या आहेत. त्या तुरीत आता एकशे बारा किती उरली असेल, मी सांगू शकत नाही. मावशीला हे सांगितलं तर ती चिडते. "उबी हाय न्हवं रानात? मग झालं की!" झालं नाही, हे मी तिला पटवू शकलेले नाही.

परवा तिला फोन करून फ्लॅटचं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर बाल्कनी आहे, ऊन दुपारपर्यंतच येतं. ती म्हणाली, "निम्म्या कुंड्या हिकडं धाडा. म्या मारते तुमच्या तुरी. तुमाला येवडं जमतंय, मला न जमाया काय झालं?"

मी सहा कुंड्या लोह्याला पाठवल्या, पेरायला थोडी एकशे बारा आणि जुनी मच्छरदाणी निम्मी कापून सोबत दिली. कुंड्यांवर चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ही झाडं मरू द्या. मावशीला वाचता येत नाही, पण तिच्या घरी येणाऱ्यांना येतं.

तुमच्या आईने यादी दुरुस्त करावी. आज माझ्याकडे जे शिल्लक आहे ते असं: पाच कुंड्या, त्यांपैकी चारांतली तूर यंदा मेली आणि पाचवीतली एकशे बारा उरलेल्या अर्ध्या मच्छरदाणीखाली शेंगांवर आहे, डबाभर माती, तिच्यातली बुरशी जिवंत आहे, आणि बाटलीत अडीच मुठी बी, उगवणारं.